कावळ्याला दार उघडायचं का?

मोज्याची बाहुली, दोन खुर्च्यांवर टाकलेली चादर आणि आजीकडून आलेली गोष्ट. एवढ्या भांडवलावर पोरांशी खोटेपणा, भीती, मैत्री आणि अगदी मरणाबद्दलही गप्पा मारता येतात. अट एकच, शेवटी 'तात्पर्य' सांगायचं नाही!

चिमणी-कावळ्याची गोष्ट येते ना? येणारच! गेल्या क्वार्टरचं प्रेझेंटेशन विसराल, नेटबँकिंगचा पासवर्ड तर रोजच विसरता. पण कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं मेणाचं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं, कावळा भिजत चिमणीच्या दारात उभा राहतो. आणि चिमणीताई? तिची आपली बाळाची आंघोळ, पावडर, काजळ, तीट... दार काही उघडत नाही.

आता एक गंमत करा. लंच टाइमला टेबलावर विचारा, "या गोष्टीचं तात्पर्य काय?" एक जण म्हणेल, पक्कं घर बांधा. (याचा होम लोन चालू आहे.) दुसरी म्हणेल, अनोळखी माणसाला दार उघडू नका. तिसरा म्हणेल, शेजाऱ्याला अडचणीत मदत करा. चौथीला कावळ्याचा शेवट वेगळाच आठवेल. काही घरांत तो ऊब घ्यायला चुलीपाशी जातो आणि भाजतो, काही घरांत रात्रभर चिमणीचे चणे फस्त करतो. म्हणजे चिमणी शहाणी की दुष्ट, यावर आपलंच एकमत नाही. आणि हीच गोष्ट आपण चार वर्षांच्या पोराला 'संस्कार' म्हणून सांगतो!

पण बॉस, घोळ गोष्टीत नाहीये. घोळ आहे सांगण्याच्या पद्धतीत. आपण गोष्ट सांगतो, पोरगं ऐकतं, शेवटी आपण तात्पर्य चिकटवतो, लाइट बंद, गुड नाइट. याउलट त्याच गोष्टीत कावळ्याची बाहुली थेट पोरांकडे वळली आणि कुडकुडत म्हणाली, "काय रे, तुम्ही सांगा ना हिला, दार उघडायला!" तर? तर त्या खोलीत जो कल्ला होतो, तो बघण्यासारखा असतो. खरं शिक्षण त्या कल्ल्यात असतं.

मोजा आहे, माहितीये!

पहिला प्रश्न : बाहुलीच का? आईबाबा सांगतात ते पोरं ऐकत नाहीत, मग हातात घातलेल्या जुन्या मोज्याचं का ऐकतात?

पोरांना तो मोजा आहे हे पक्कं ठाऊक असतं. तुमचे ओठ हलताना त्यांना दिसतात. तरीही ती तुमच्याकडे नाही, मोज्याकडे बघून बोलतात. लहान मुलं निर्जीव वस्तूंनाही जीव असल्यासारखं वागवतात, हे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी फार पूर्वीच नोंदवून ठेवलंय. टेबलाला ठेच लागली की आपणही पोराचं समाधान म्हणून टेबलालाच चापट मारतो की नाही? तोच फंडा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. घरात, शाळेत, सोसायटीत, सगळीकडे पोरगं सगळ्यात लहान असतं. सगळे त्याला शिकवायला टपलेले. बाहुली मात्र त्याच्यापेक्षाही लहान. तिला काहीच येत नाही, ती विसरते, चुकते, घाबरते. मग पोरगं एकदम सीनियर होतं. बाहुलीला समजावून सांगताना ते स्वतःचं म्हणणं पहिल्यांदा शब्दांत मांडतं. ऑफिसात नव्या ट्रेनीला काम समजावताना आपल्यालाच ते नीट कळतं ना, अगदी तसंच.

तिसरी गोष्ट सेफ्टीची. "तू खोटं बोललास का?" असं विचारलं की पोरगं गप्प. "हा ससोबा खोटं का बोलला असेल रे?" म्हटलं की कारणांची यादी सुरू. आई रागावेल म्हणून, खेळणं काढून घेतील म्हणून, सगळे हसतील म्हणून. यातली किती कारणं सशाची आणि किती त्याची स्वतःची, हे ऐकणाऱ्याला बरोब्बर कळतं.

हे आपल्याला नवीन नाही

हे सगळं कुठल्या तरी फॉरेनच्या प्रीस्कूलमधून आलंय असं वाटत असेल, तर जरा थांबा. सातशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या ज्ञानेश्वरीत कळसूत्री बाहुलीचा दृष्टान्त येतो. म्हणजे तेव्हाच्या श्रोत्यांना ही बाहुली चांगली ओळखीची होती. नाटकातला आपला 'सूत्रधार' हा शब्दही शब्दशः दोरी धरणारा!

गोव्याला जाताना कुडाळ लागतं ना, त्याच्या शेजारी पिंगुळी गाव आहे. इथल्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावली-बाहुल्या आणि चित्रकथी अशा कला पिढ्यान्‌पिढ्या जपल्यात. सावंतवाडी संस्थानाचा एकेकाळी त्यांना आश्रय होता. चित्रकथी म्हणजे चक्क त्या काळचा स्लाइड शो. एकेक चित्र समोर धरायचं, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर गोष्ट पुढे न्यायची. चित्रांच्या संचाला म्हणतात 'पोथी'. गोष्टी रामायण-महाभारतातल्या, पण तोंडातोंडी रंगत गेलेल्या, इथल्या मातीतल्या. सावलीच्या खेळात पडद्यामागे दिवा, आणि बाहुली पुढेमागे केली की राक्षस मोठा-छोटा होतो. स्पेशल इफेक्ट्सचं बजेट शून्य!

संस्थानं गेली, टीव्ही आला, मोबाइल आला, प्रेक्षक आटले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी मात्र हार मानली नाही. घरच्या गोठ्यातच त्यांनी 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुढच्या गोवा ट्रिपमध्ये बीचचा एक दिवस कमी करा आणि इथे थांबा, सांगून ठेवतोय.

शहरातली गोष्ट वेगळी. यशवंत पाध्ये यांनी घडवलेल्या अर्धवटरावांनी वयाची शंभरी कधीच ओलांडली. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी बोलक्या बाहुल्या घराघरांत पोचवल्या. 'झपाटलेला'तला (१९९३) तात्या विंचू आठवून अजून ज्यांची तंतरते, त्यांनी हात वर करा. बाहुली पोरांच्या मनावर किती पक्का ठसा उमटवते, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

आणि 'इंटरॲक्टिव्ह' म्हणाल, तर मराठी बालनाट्याने तो प्रकार कधीच पचवलाय. सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर'तर्फे रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' आणलं आणि मोठ्यांनी मोठ्या तयारीने मुलांसाठी नाटक करायचा पायंडा पडला. मतकरींच्याच 'अलबत्या गलबत्या'मधली चेटकीण, दिलीप प्रभावळकरांची असो की २०१८ मध्ये नव्या संचात आलेली वैभव मांगले यांची, आली की थिएटरमधली पोरं खुर्चीवर उभी राहून ओरडतात. का? कारण स्टेजवरच्या पात्राला जे माहीत नाही, ते त्यांना माहीत असतं. बाहुलीवाल्यांची जगभरातली सगळ्यात जुनी युक्ती हीच. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये १६६२ साली पहिल्यांदा नोंद झालेल्या पंचच्या खेळापासून आजवर ती चालतेय. बाहुलीला कमी माहिती द्या, पोरांना जास्त द्या. पुढचं पोरं बघून घेतात.

लांडगा आला, पण फरक पडला का?

आता थोडा रिॲलिटी चेक. गोष्ट सांगितली की पोरगं सुधारतं, असं आपण धरून चालतो. खरंच सुधारतं का?

टोरंटो विद्यापीठाचे कँग ली, व्हिक्टोरिया टॅलवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा एक भन्नाट प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना खोलीत एकटं ठेवलं. मागे एक खेळणं होतं, वळून बघायचं नाही असं बजावलं. (बहुतेक पोरं काय करतात, वेगळं सांगायला नको.) मग प्रत्येकाला एक गोष्ट वाचून दाखवली आणि विचारलं, "खरं सांग, बघितलंस का?" ज्यांना 'लांडगा आला रे आला' किंवा खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओची गोष्ट ऐकवली, ती मुलं ससा-कासवाची गोष्ट ऐकणाऱ्यांपेक्षा काही जास्त खरं बोलली नाहीत. फरक पडला तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने. झाड तोडल्याचं तो कबूल करतो आणि वडील खरं बोलल्याबद्दल त्याचं कौतुक करतात, ती गोष्ट. संशोधकांनी तिचाच शेवट बदलून खोटं आणि त्याचा वाईट परिणाम असा केला, तर परिणाम गायब! (मजा म्हणजे खरेपणाची ही प्रसिद्ध गोष्ट स्वतःच एका चरित्रकाराने रचलेली मानतात.)

मतलब? लांडगा येऊन शेळ्या खाईल ही भीती पोराला खरं बोलायला लावत नाही. खरं बोललो तर आपलं माणूस आपल्याला जवळ घेईल, हा भरवसा लावतो. आपल्या 'शिक्षा झाली, बघ!' छापाच्या गोष्टींना हा चांगलाच दणका आहे.

टोरंटोच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक चिमटा काढला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची गोष्ट वाचून दाखवली. एका पुस्तकात पात्रं माणसांची, दुसऱ्यात तीच गोष्ट पण पात्रं प्राण्यांची. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर्स दुसऱ्यांना जास्त दिले. प्राण्यांच्या गोष्टीने तसं घडलं नाही. म्हणजे कावळा-चिमणी कॅन्सल?

अजिबात नाही. कावळ्याकडून स्वतःपर्यंतचा पूल पोराला एकट्याला बांधता येत नाही, एवढाच मला त्याचा अर्थ वाटतो. नुसतं वाचून दाखवलं की कावळा पुस्तकात राहतो. तोच कावळा समोर येऊन "तुझ्या शाळेत कुणाचा डबा विसरला तर तू काय करतोस रे?" असं विचारतो, तेव्हा पोराला उत्तर कावळ्याचं नाही, स्वतःचं द्यावं लागतं. बाहुलीच्या खेळातला 'इंटरॲक्टिव्ह' भाग ही फोडणी नाही, तोच भात आहे.

टॉवेल तरी दे ना!

माझ्या साडेचार वर्षांच्या भाचीसमोर मी एकदा हा खेळ केला. काळा मोजा म्हणजे कावळा, जुना हातमोजा म्हणजे चिमणी. कावळ्याने दार वाजवलं, चिमणी बाळाला तीट लावत बसली. मग चिमणीनेच विचारलं, "काय करू गं? उघडू का?" मॅडमनी गालावर बोट ठेवून विचार केला आणि निकाल दिला. दार उघडायचं नाही, कारण चिमणी घरी एकटी आहे. पण खिडकीतून त्याला टॉवेल द्यायचा. आणि बिस्किट. मग चिमणीच्या बाबांना फोन करायचा.

बघा! आपण मोठे 'मदत करा' आणि 'सावध राहा' यांपैकी एकच तात्पर्य निवडत बसलो होतो. तिने दोन्ही सांभाळले. मी शेवटी तात्पर्य सांगितलं असतं, तर हे उत्तर मला मिळालंच नसतं.

या विचारालाही आपल्याकडे परंपरा आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात एकत्र काम केलं. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि तिथून हे काम कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत गेलं. गोष्ट ही आधी आनंदासाठी असते, उपदेशाची गोळी साखरेत घोळून द्यायला नाही, असं गिजुभाईंचं आग्रहाचं सांगणं होतं. आजच्या भाषेत : पोराला कंटेंट हवा, लेक्चर नको.

वयाचंही एक गणित आहे. पियाजेने १९३२ च्या आपल्या पुस्तकात मुलांना विचारलेला प्रश्न फेमस आहे. एका मुलाने दार उघडलं, मागे ठेवलेले पंधरा कप त्याच्या नकळत फुटले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडला. जास्त वाईट कोण? लहान मुलं बऱ्याचदा म्हणतात, पंधरावाला. कारण त्यांना नुकसान दिसतं, हेतू दिसत नाही. मोठी होता होता हेतू दिसायला लागतो. तेव्हा चार वर्षांच्या पोराने बाहुलीच्या खेळात 'चुकीचं' उत्तर दिलं, तर दचकू नका. बाहुलीला विचारू द्या, "पण त्याला माहीतच नव्हतं ना, की मागे कप आहेत?" आणि मग गप्प बसा. डोक्यातली चक्रं फिरायला वेळ लागतो.

जड विषय, हलकी बाहुली

बाहुली फक्त 'शेअरिंग इज केअरिंग'साठी नसते. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये मिस्टर हूपर हे दुकानदाराचं पात्र होतं. ती भूमिका करणारे विल ली १९८२ मध्ये वारले. दुसरा नट आणता आला असता, पात्र गावाला गेलं असं सांगता आलं असतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. १९८३ च्या एका भागात बिग बर्ड हा भलामोठा पिवळा पक्षी हूपरसाठी काढलेलं चित्र घेऊन येतो आणि मोठी माणसं त्याला साध्या शब्दांत सांगतात, की हूपर वारले, ते आता परत येणार नाहीत. झोपलेत नाही, देवाघरी फिरायला गेलेत नाही. वारले. बिग बर्ड गोंधळतो, चिडतो, पुन्हा पुन्हा विचारतो. पोरं जे विचारतात, तेच.

याच कार्यक्रमाच्या दक्षिण आफ्रिकेतल्या आवृत्तीत २००२ साली कामी नावाची एचआयव्हीसह जगणारी बाहुली आली. सोबत बसायला, खेळायला, मिठी मारायला काही होत नाही, हे तिने भाषण न देता दाखवलं. आपल्याकडेही २००६ मध्ये 'गली गली सिम सिम' सुरू झालं आणि चमकी घराघरांत पोचली. शाळेचा युनिफॉर्म घातलेली, प्रश्न विचारत सुटणारी मुलगी.

नको असलेल्या स्पर्शाबद्दल बोलायलाही बाहुली उपयोगी पडते. बाहुलीने मोठ्याने "नको!" म्हणायचं, तिथून पळायचं, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं, आणि पोरांनी तिच्यासोबत तो "नको!" जोरात म्हणायचा. सराव झालेला शब्द वेळेला तोंडातून निघतो. पण इथे एक लक्ष्मणरेषा आहे. पोराने खेळात काही काळजीचं सांगितलं, तर बाहुली घेऊन उलटतपासणी करू नका. शांतपणे ऐका, 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनची किंवा तज्ज्ञाची मदत घ्या.

वीकेंड प्रोजेक्ट : घरचं बाहुली थिएटर

साहित्य : जोडीदार हरवलेला मोजा. (प्रत्येक घरात असतोच!) डोळ्यांना बटणं चालतील, पण घरात तीन वर्षांखालचं पोर असेल तर बटणं नकोत, तोंडात जातात. दोऱ्याने डोळे शिवा किंवा मार्करने काढा.

स्टेज : दोन खुर्च्या आणि चादर. सावलीचा खेळ हवा तर पांढरी चादर ताणा, मागे मोबाइलचा टॉर्च, पुठ्ठ्याची कापलेली चित्रं. पिंगुळीचा पडदा टू बीएचकेमध्ये!

आवाज : मिमिक्री येत नसली तरी चालेल. एक पात्र हळू बोलणारं, दुसरं भरभर. तुम्ही स्वतः बाहुलीकडे बघा, मग पोरंही बघतील.

गोष्ट : चिमणी-कावळा, भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी, टोपीवाला आणि माकडं. ओळखीचीच घ्या, पाठांतराचं टेन्शन नाही.

तीन नियम : एक, बाहुलीला पोरापेक्षा कमी अक्कल असू द्या. दोन, गोष्ट ऐन वळणावर थांबवून खरा प्रश्न विचारा. ज्याचं उत्तर तुम्हालाही पक्कं माहीत नाही, तो खरा प्रश्न. पोर जे सांगेल तसंच बाहुलीने करायचं आणि पुढे काय होतं ते दाखवायचं. तीन, दुसऱ्या दिवशी बाहुली पोराच्या हातात द्या आणि तुम्ही प्रेक्षकांत बसा. ही सगळ्यात भारी स्टेप. पोरगं तुमचीच नक्कल करायची शक्यता दाट आहे. मन घट्ट करून बघा.

वेळ : पंधरा मिनिटं. 'अजून एकदा' आलं, तर आणखी पंधरा. ते येणारच.

ज्यांना पोरंबाळं नाहीत, त्यांनी पान उलटू नका. सोसायटीत पोरं आहेत, भाचे-पुतणे आहेत, ऑफिसच्या सीएसआरमध्ये दर वर्षी त्याच वह्या वाटण्यापेक्षा एखादा बाहुल्यांचा खेळ होऊ शकतो. पिंगुळीच्या कलाकारांना मुंबई-पुण्यात बोलावून पदरमोड न होता खेळ करता आला, तर ही कला संग्रहालयाबाहेरही जगेल. त्यांना तुमचं 'वॉव' नकोय, खेळाची तारीख आणि वेळेवर मानधन हवंय. २१ मार्चला जागतिक कठपुतळी दिन असतो. बाहुलीवाल्यांची 'युनिमा' ही जागतिक संघटना १९२९ साली प्रागमध्ये स्थापन झाली आणि २००८ मध्ये तिच्या अध्यक्षपदी पुण्यात जन्मलेले दादी पदमजी निवडून आले. तेव्हा निमित्तही तयार आहे आणि अभिमानाचं कारणही.

बाकी, कपाट उघडा. तो एकटा पडलेला मोजा कधीपासून वाट बघतोय.